कामगाराचे आरोग्य आणि व्यावसायिकांमधील संवाद : सिलिकोसिसच्या निमित्ताने एक अभ्यास



वार्षिक अहवालात ताळेबंद, जमाखर्च आणि विभागवार रुग्णसंख्या यांना त्यांचे स्थान आहेच. त्यांच्या जोडीला आरोग्यसेवेतील एखाद्या प्रश्नाचा थोडा सविस्तर विचार वाचकांसमोर ठेवावा, या हेतूने हा अभ्यासलेख सादर करीत आहोत. आम्ही प्रशासनाचे काम पाहणारी मंडळी आहोत. रोगनिदान हा आमचा प्रांत नव्हे. परंतु रुग्णाविषयीची माहिती एका दारातून दुसऱ्या दारात कशी जाते आणि कोठे अडते, हे पाहणे निश्चितपणे आमचे काम आहे. म्हणूनच कामाच्या ठिकाणी जडणारे रोग आणि त्या रोगांशी संबंध येणाऱ्या निरनिराळ्या व्यावसायिकांमधील संवाद, हा विषय आम्ही निवडला.

विषय व्यापक आहे. तो हवेत राहू नये यासाठी सिलिकोसिस हा एकच रोग उदाहरणादाखल घेतला आहे. या रोगावर आजही बरे करणारे औषध नाही. मात्र तो टाळता येतो. टाळण्यासाठी लागणारे ज्ञान जगाकडे कित्येक दशकांपासून आहे. असे असूनही माणसे त्याला बळी पडतात, याचे एक मोठे कारण असे की, ज्याला धूळ ठाऊक आहे त्याला रोगी ठाऊक नसतो आणि ज्याला रोगी ठाऊक आहे त्याला धूळ ठाऊक नसते.

रोगाची ओळख

गारगोटी, वाळू, वालुकाश्म, ग्रॅनाइट अशा पदार्थांत सिलिका असते. दगड फोडताना, कापताना, दळताना किंवा घासताना तिची अतिसूक्ष्म धूळ उडते. डोळ्यांत जाणारे आणि अंगावर बसणारे मोठे कण त्या मानाने कमी धोक्याचे असतात, कारण नाक आणि घसा त्यांना अडवितात. खरा अपाय करतात ते डोळ्यांना न दिसणारे कण. ते फुप्फुसाच्या अगदी शेवटच्या पोकळ्यांपर्यंत पोहोचतात आणि तेथेच राहतात. त्यांच्याभोवती व्रणासारख्या गाठी तयार होतात, फुप्फुस ताठर होत जाते आणि श्वास अपुरा पडू लागतो.

धूळ बेताची असेल तर हा रोग दिसून येण्यास दहा वर्षे किंवा त्याहून अधिक काळ लागतो. धुळीचे प्रमाण फार मोठे असेल तर काही महिन्यांतही तो माणसाला अंथरुणाला खिळवितो. काम सोडल्यावरही तो वाढत राहू शकतो. शिवाय ज्याला सिलिकोसिस आहे, त्याला क्षयरोग होण्याचा संभव इतरांपेक्षा बराच अधिक असतो. या दोन रोगांची लक्षणेही एकमेकांसारखी आहेत. खोकला, धाप, वजन घटणे आणि क्ष-किरण चित्रात फुप्फुसाच्या वरच्या भागात दिसणाऱ्या छाया दोन्हींत आढळतात.

आपल्या देशात क्षयाचे रुग्ण पुष्कळ असल्याने अशी छाया दिसली की प्रथम क्षयाची शंका यावी, हे स्वाभाविकच आहे. रुग्णाला सहा महिन्यांचे औषध सुरू होते. काहींना क्षय खरोखरच असतो आणि औषधाचा उपयोग होतो. परंतु ज्याला मुळात सिलिकोसिस आहे त्याची धाप कमी होत नाही. तो दुसऱ्या दवाखान्यात जातो, तेथे जुनी चित्रे मागितली जात नाहीत आणि तेच औषध पुन्हा सुरू होते. दरम्यान तो त्याच धुळीत कामाला जात असतो, आणि त्याच्या शेजारी उभे राहून काम करणारे त्याचे सोबतीही.

एका प्रश्नाचे महत्त्व

इटलीतील मोडेना येथील वैद्य बर्नार्डिनो रामाझिनी यांनी १७०० साली निरनिराळ्या व्यवसायांतील लोकांच्या रोगांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात दगड घडविणाऱ्यांच्या रोगांचेही प्रकरण आहे. प्राचीन वैद्यांनी रुग्णाला विचारावयाचे जे प्रश्न सांगितले होते, त्यांत रामाझिनी यांनी एका प्रश्नाची भर घातली : तुम्ही काम काय करता?

या गोष्टीला तीनशे वर्षे उलटून गेली. आज केसपेपरवर 'व्यवसाय' असा रकाना असतो. त्यात बहुधा 'नोकरी', 'मजुरी' किंवा 'खासगी' असा एकच शब्द लिहिला जातो. लेखापालाच्या दृष्टीने पाहिले, तर रक्कम लिहावी आणि खात्याचे नावच लिहू नये, असा हा प्रकार आहे. 'मजुरी' या शब्दातून डॉक्टरांना काहीच बोध होत नाही. 'सहा वर्षे फाउंड्रीत कास्टिंग घासण्याचे काम, त्यापूर्वी तीन वर्षे गारगोटीच्या गिरणीत' एवढे लिहिले की तीच क्ष-किरण चित्राची छाया वेगळ्या नजरेने पाहिली जाते.

एकाच कामगाराला भेटणारे अनेक जण

धुळीत काम करणाऱ्या एका कामगाराचा संबंध किती व्यावसायिकांशी येऊ शकतो आणि त्यांपैकी प्रत्येकाजवळ कोणती माहिती असते, याची आम्ही मांडणी करून पाहिली.

१. कारखान्याचे वैद्यकीय अधिकारी. कामगाराची वार्षिक तपासणी, फुंकर मारून केलेल्या श्वसनक्षमतेच्या चाचण्या आणि जुनी क्ष-किरण चित्रे यांच्याकडे असतात. कामगार नोकरी सोडून गेला की त्याचे पुढे काय झाले, हे त्यांना कळत नाही.

२. सुरक्षा अधिकारी. कोणत्या खात्यात किती धूळ उडते, पंखे व धूळ ओढणारी यंत्रणा चालू आहे की बंद, हे यांना ठाऊक असते. त्या धुळीतून कोण आजारी पडले, हे वैद्यकीय बाब म्हणून त्यांच्यापर्यंत सहसा येत नाही.

३. शासनाच्या औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचे अधिकारी आणि सर्टिफाइंग सर्जन म्हणून ओळखले जाणारे वैद्यक अधिकारी. तपासणीचा आणि दुरुस्ती करून घेण्याचा अधिकार यांच्याकडे आहे. परंतु कोठे जावे हे कळण्यासाठी त्यांना कोणाकडून तरी सूचना मिळावी लागते.

४. कर्मचारी राज्य विमा योजनेचे डॉक्टर. ही योजना २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे सुरू झाली. व्यवसायजन्य रोग सिद्ध झाल्यास विमेदार कामगाराला अपंगत्वाचा लाभ मिळण्याची तीत सोय आहे. मात्र त्यासाठी रोगाचा कामाशी असलेला संबंध कागदावर यावा लागतो.

५. क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमाचे कर्मचारी. गावपातळीपर्यंत पोहोचलेली ही मोठी यंत्रणा आहे. वारंवार क्षयाचे औषध घेऊनही बरा न होणारा रुग्ण सर्वांत आधी यांच्याच नजरेस येतो.

६. छातीविकारतज्ज्ञ, क्ष-किरणतज्ज्ञ, कुटुंबाचे डॉक्टर आणि आमच्यासारखी धर्मादाय रुग्णालये. रोगी शेवटी येतो तो येथे. त्याची धाप आम्हांला दिसते, कारखाना दिसत नाही.

या सहा गटांची शिक्षणे, संघटना आणि परिषदा वेगवेगळ्या आहेत. औद्योगिक वैद्यकशास्त्राच्या डॉक्टरांची संघटना स्वातंत्र्यानंतर लगेचच स्थापन झाली. अहमदाबादला राष्ट्रीय व्यवसायजन्य आरोग्य संस्था आणि मुंबईत शीव येथे केंद्रीय श्रम संस्था आहे. म्हणजे ज्ञानाची केंद्रे आपल्याकडे आहेत. उणीव आहे ती एका जिल्ह्यात, एका औद्योगिक वसाहतीच्या परिसरात काम करणाऱ्या या सहा जणांनी एकमेकांना नावाने ओळखण्याची.

कायदा काय सांगतो

व्यवसायजन्य रोगाची सूचना देणे ही डॉक्टरांच्या मर्जीवर सोडलेली बाब नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमातील कलम ८९ नुसार, अनुसूचीतील रोग झाल्याचे वाटल्यास डॉक्टरांनी रुग्णाचे नाव व पत्ता, रोगाचे नाव आणि कारखान्याचे नाव व पत्ता मुख्य निरीक्षकांना विनाविलंब लेखी कळवावयाचे होते. निदान खरे ठरल्यास डॉक्टरांना शुल्क द्यावे आणि ते कारखान्याच्या भोगवटादाराकडून वसूल करावे, अशीही तीत तरतूद होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० अमलात आली. डॉक्टरांची हीच जबाबदारी आता या संहितेच्या कलम १२ मध्ये आहे आणि अनुसूचीत सिलिकोसिसचा समावेश आहे.

येथे एक शब्द ध्यानात घेण्याजोगा आहे. कायद्याने 'सिद्ध झाल्यावर' कळवा, असे म्हटलेले नाही. डॉक्टरांचा तसा समज झाला तरी कळवावयाचे आहे. पडताळणी करणे हे पुढच्या यंत्रणेचे काम आहे. हा भेद पुष्कळांच्या ध्यानात येत नाही आणि पूर्ण खात्री होईपर्यंत पत्र थांबून राहते.

कायद्याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. नव्या संहितेनुसार सुरक्षा अधिकारी नेमण्याचे बंधन साधारणपणे ५०० किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यावर आणि धोकादायक प्रक्रिया असल्यास २५० किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यावर आहे. कोल्हापूर परिसरातील शिरोली, गोकुळ शिरगाव येथील फाउंड्री उद्योगाने महाराष्ट्राचे नाव देशभर नेले आहे. परंतु फाउंड्री व्यवसायात लहान कारखान्यांची संख्या नेहमीच मोठी असते, आणि दगडाची फरशी किंवा स्वयंपाकघराचा ओटा कापून देणाऱ्या दुकानात तर पाच-सहाच माणसे असतात. धूळ मात्र माणसांची संख्या पाहून उडत नाही. जेथे सुरक्षा अधिकारी नाही आणि कारखान्याचा डॉक्टरही नाही, तेथे पहिली सूचना देणारे ठिकाण रुग्णालय हेच उरते.

अलिराजपूर ते गोध्रा

संवाद तुटल्याने काय घडते, याचे सर्वांत दुःखद उदाहरण आपल्या शेजारच्या दोन राज्यांतले आहे. मध्य प्रदेशातील अलिराजपूर, झाबुआ आणि धार या जिल्ह्यांतील आदिवासी मजूर गुजरातमधील गोध्रा व आसपासच्या भागातील गारगोटी दळण्याच्या कारखान्यांत कामाला जात. दळलेली पूड पोत्यांत भरण्याचे काम बंद शेडमध्ये चाले. काही महिने काम करून ही तरुण माणसे गावी परतत ती खोकत व धापा टाकीत. गावाकडच्या दवाखान्यांत क्षयाचे औषध दिले जाई, पण गुण येत नसे.

धूळ एका राज्यात होती आणि रोगी दुसऱ्या राज्यात. गुजरातमधील कारखाने निरीक्षकासमोर मृत्यू येत नव्हते आणि मध्य प्रदेशातील डॉक्टरांसमोर कारखाना येत नव्हता. मजुरांजवळ हजेरीपत्रक नव्हते की पगाराची चिठ्ठी नव्हती. अखेर कार्यकर्त्यांनी गावोगाव फिरून कोण कोठे कामाला गेले होते आणि कोण दगावले, याच्या नोंदी केल्या, तेव्हा दोन्ही बाजू एकत्र मांडल्या गेल्या. २०१० साली राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी तीन लाख रुपये देण्याची शिफारस केली आणि २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती भरपाई देण्याचा आदेश दिला.

भरपाई मिळाली तरी माणसे परत आली नाहीत. पहिल्या काही रुग्णांच्या वेळीच गावाकडच्या एखाद्या दवाखान्यातून गोध्र्याच्या कारखाने निरीक्षकाकडे एक पत्र गेले असते, तर पुढच्या हंगामात त्या शेडमध्ये गेलेल्यांपैकी कितीजण वाचले असते, याचा हिशेब कोणत्याही ताळेबंदात मांडता येत नाही. महाराष्ट्रातही आज बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा येथून आलेले कामगार धुळीची कामे करतात. दुखणे वाढले की ते गावी परततात. म्हणजे तीच परिस्थिती आपल्या दाराशीही आहे.

अन्यत्र झालेले प्रयत्न

ही दरी बुजविता येते, याचीही उदाहरणे आहेत.

ब्रिटनमध्ये १९८९ साली छातीविकारतज्ज्ञ आणि औद्योगिक वैद्यक या दोन गटांनी एकत्र येऊन कामामुळे होणाऱ्या श्वसनविकारांची स्वेच्छेने नोंद करण्याची योजना सुरू केली. त्यामागचा विचार साधा होता. रुग्णालयातील तज्ज्ञाने आणि कारखान्यातील डॉक्टराने आपापले नवे रुग्ण एकाच ठिकाणी कळवावयाचे. कोणत्या कामातून कोणता दमा उद्भवतो, हे या नोंदींतून दिसू लागले. फवारणीच्या रंगांत असणारी आयसोसायनेट ही रसायने त्यात ठळकपणे पुढे आली. जमलेली माहिती कळविणाऱ्या डॉक्टरांकडे परत जात असल्याने त्यांचाही उत्साह टिकला. केवळ माहिती मागणारी आणि काहीच परत न देणारी योजना फार काळ चालत नाही, असा याचा बोध आहे.

राजस्थानात वालुकाश्माच्या खाणी आणि दगडी कोरीवकाम यांमुळे सिलिकोसिसचा प्रश्न मोठा आहे. त्या राज्याने २०१९ साली यासाठी स्वतंत्र धोरण जाहीर केले. कामगाराने स्वतः नोंदणी करावयाची, डॉक्टरांच्या मंडळाने तपासून प्रमाणपत्र द्यावयाचे आणि त्यानुसार साहाय्य त्याच्यापर्यंत पोहोचावयाचे, ही साखळी संगणकीय प्रणालीने जोडण्यात आली. त्यातही विलंब आणि अडचणी आहेतच. परंतु आरोग्य, श्रम, खाण आणि समाजकल्याण या खात्यांनी एकाच रुग्णाचा एकच कागद पाहावा, हा विचार तेथे प्रत्यक्षात आला.

ऑस्ट्रेलियाचे उदाहरण अगदी अलीकडचे आहे. स्वयंपाकघराच्या ओट्यासाठी वापरल्या जाणाऱ्या कृत्रिम दगडात सिलिकेचे प्रमाण नव्वद टक्क्यांच्याही वर असू शकते. नैसर्गिक ग्रॅनाइटमध्ये ते पुष्कळच कमी असते. हा दगड कोरडा कापणाऱ्या तरुण कारागिरांना सिलिकोसिस होत असल्याचे डॉक्टरांच्या ध्यानात आले. २०१८ साली क्वीन्सलँड राज्याने तातडीचा इशारा देऊन कारागिरांची तपासणी हाती घेतली आणि इतर राज्येही जागी झाली. १ जुलै २०२४ पासून त्या देशात अशा दगडाच्या वापरावर बंदी आहे, आणि त्याच वर्षी सिलिकोसिसची नोंद तज्ज्ञ डॉक्टरांवर बंधनकारक करणारी देशव्यापी नोंदवही सुरू झाली. दवाखान्यात उमटलेली शंका काही वर्षांत कायद्यापर्यंत पोहोचली, कारण मधल्या पायऱ्या एकमेकींशी जोडलेल्या होत्या.

संवादातील अडचणी

'एकमेकांशी बोला' असे सांगणे सोपे आहे. ते घडत नाही त्याची कारणे समजून घेतली पाहिजेत.

पहिली अडचण भाषेची आहे. सुरक्षा अधिकारी प्रति घनमीटर मिलिग्रॅममध्ये बोलतो. अमेरिकेत २०१६ साली श्वासावाटे जाणाऱ्या सिलिकेची मर्यादा आठ तासांच्या सरासरीने ०.०५ मिलिग्रॅम ठरविण्यात आली. या आकड्यावरून केवढी थोडी धूळ पुरेशी होते, हे सुरक्षा अधिकाऱ्याला कळते, डॉक्टराला चटकन कळत नाही. उलट क्ष-किरणतज्ज्ञाच्या अहवालातील शब्द निरीक्षकाला उलगडत नाहीत. यासाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने धुळीच्या रोगांच्या क्ष-किरण चित्रांचे एक प्रमाणित वर्गीकरण केले आहे. १९३० सालच्या जोहान्सबर्ग परिषदेपासून या प्रयत्नाला सुरुवात झाली. त्या वर्गीकरणाने अहवाल लिहिला, तर तो कोल्हापूर, अहमदाबाद आणि मुंबई येथे सारखाच वाचला जातो.

दुसरी अडचण 'फिट' या शब्दाची. डॉक्टराच्या लेखी त्याचा अर्थ 'आज कामावर जाण्यास हरकत नाही' असा असतो, व्यवस्थापनाच्या लेखी 'याला काही झालेले नाही' असा होतो आणि कामगाराच्या लेखी 'नोकरी राहिली' असा. एकाच शब्दाचे तीन अर्थ घेऊन तिघेही समाधानाने घरी जातात.

तिसरी आणि सर्वांत अवघड अडचण भीतीची आहे. रोग कागदावर आला तर नोकरी जाईल, असे कामगाराला वाटते आणि 'साहेब, तेवढे लिहू नका' अशी तो विनवणी करतो. त्याच्या घरी चूल पेटते ती त्याच मजुरीवर. ही भीती खोटी म्हणता येणार नाही. म्हणूनच संवाद वाढविताना गोपनीयतेची मर्यादा पाळणे अत्यावश्यक आहे. कायद्याने ज्या शासकीय अधिकाऱ्याला कळवावयाचे त्याला कळविले पाहिजे. व्यवस्थापनाला मात्र रुग्णाचा सारा इतिहास कळण्याची गरज नसते. त्या माणसाला कोणते काम देऊ नये आणि कोणते देता येईल, एवढेच पुरते. 'आजारी माणूस काढून टाका' आणि 'आजारी माणसाला धुळीतून काढा' या दोन वाक्यांत फार मोठे अंतर आहे, आणि ते अंतर डॉक्टरांच्या पत्राच्या शब्दांवर अवलंबून असते.

चौथी अडचण कारखानदाराच्या मनातील शंकेची आहे. रुग्णालयाने पत्र लिहिले की चौकशी मागे लागेल, असे त्याला वाटते. परंतु वेळीच कळलेली एक शंका पुढच्या दहा रोग्यांचा खर्च आणि कलंक वाचविते. पाणी मारून कापणे, धूळ जेथे उठते तेथेच ती ओढून घेणारी यंत्रणा बसविणे, कोरड्या झाडूऐवजी ओल्या पद्धतीने सफाई करणे आणि वाळूच्या माऱ्याऐवजी पोलादी कणांचा मारा वापरणे, हे उपाय माहितीतले आहेत. नाकावर बांधलेला गमछा या धुळीला अडवीत नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे.

परिसरापुरते काय करता येईल

या अभ्यासातून आमच्या कार्यपद्धतीत उतरविण्याजोग्या पुढील बाबी आम्ही विश्वस्त मंडळासमोर नम्रपणे मांडीत आहोत.

१. छाती, दमा व क्षय यांच्या प्रत्येक रुग्णासाठी कामाच्या इतिहासाचा एक पानी नमुना असावा, मराठी व हिंदी या दोन्ही भाषांत. कोठे, कोणत्या वर्षापासून, नेमके कोणते काम, धूळ होती का आणि सोबत्यांपैकी कोणाला असा त्रास आहे का, हे पाच प्रश्न पुरेसे आहेत. हा नमुना वैद्यकीय समाजसेवकाने रुग्णाजवळ बसून भरावा.

२. क्षयाचे औषध पूर्ण घेऊनही धाप न हटलेल्या आणि धुळीत काम केलेल्या रुग्णाची चित्रे छातीविकारतज्ज्ञ, क्ष-किरणतज्ज्ञ आणि औद्योगिक वैद्यकाचे शिक्षण घेतलेले डॉक्टर यांनी महिन्यातून एकदा एकत्र बसून पाहावीत.

३. संशयित रोगाची कायदेशीर सूचना पाठविण्यासाठी रुग्णालयात एकच व्यक्ती नेमलेली असावी. आवक-जावक नोंदवहीत तिची स्वतंत्र नोंद असावी आणि पोच आली की नाही, हे दर तीन महिन्यांनी पाहावे. उत्तर न आलेले पत्र म्हणजे जुळणी न झालेली नोंद समजून तिचा पाठपुरावा व्हावा.

४. दर तीन महिन्यांनी वरील सहाही गटांची बैठक रुग्णालयाच्या सभागृहात बोलवावी. तेथे भाषणे नसावीत. रुग्णाचे व कारखान्याचे नाव न घेता एक प्रकरण मांडावे आणि प्रत्येकाने आपल्या बाजूने काय करता आले असते ते सांगावे. बैठकीचे एक पानी टिपण सर्वांना पाठवावे.

५. धुळीच्या कामातील रुग्णांची कागदपत्रे दीर्घकाळ जपावीत. १९९५ साली अ‍ॅस्बेस्टॉसच्या धुळीसंबंधीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कामगाराचे आरोग्य हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि आरोग्याच्या नोंदी ४० वर्षांपर्यंत जपण्याचे निर्देश त्या उद्योगांना दिले. रोग वीस वर्षांनी दिसतो, म्हणून कागदही तितके टिकला पाहिजे.

या पाचही बाबींना मोठे यंत्र लागत नाही, नवी इमारतही लागत नाही. छपाई, टपाल, एका समाजसेवकाचा वेळ आणि बैठकीचा चहा, एवढाच याचा खर्च आहे. देणगीचा रुपया ज्या कामांत सर्वांत दूरवर जातो, त्यांत हे काम निश्चित बसते.

वाचकांस विनंती

रुग्णांच्या नातेवाइकांना आमची विनंती आहे की, जुनी क्ष-किरण चित्रे टाकून देऊ नका. दवाखाना बदलला तरी ती सोबत आणा. घरातील माणसाने आयुष्यात कोठे कोठे काम केले, ते वर्षांसह एका कागदावर लिहून ठेवा. परराज्यातील किंवा परजिल्ह्यातील कामही त्यात यावे. डॉक्टरांनी विचारले नाही तरी तो कागद पुढे करा. शक्य असेल तर हजेरीकार्ड आणि पगाराच्या चिठ्ठ्या जपून ठेवा. पुढे हक्काचा प्रश्न आल्यास त्यांचाच आधार असतो.

आमच्या देणगीदारांत कारखानदार आणि व्यापारी बंधू-भगिनी आहेत. त्यांनी आपल्या कारखान्यातील सुरक्षा अधिकारी व डॉक्टर यांना या बैठकांना आवर्जून पाठवावे. जे लहान उद्योजक स्वतंत्र डॉक्टर नेमू शकत नाहीत, त्यांनी चार-पाच जणांनी मिळून एक डॉक्टर नेमण्याचा विचार करावा. आणि घराचे बांधकाम काढणाऱ्या प्रत्येकाने ओट्याचा दगड कापला जात असताना तो पाणी मारून कापला जातो आहे का, एवढे जरूर पाहावे.

जून २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने सुरक्षित आणि आरोग्यदायी कार्यस्थळ हे कामाच्या मूलभूत हक्कांत समाविष्ट केले. असे हक्क जिनिव्हात लिहिले जातात, पण ते खरे होतात ते एखाद्या तालुक्याच्या गावी केसपेपरच्या रकान्यात नेमका शब्द लिहिला गेल्यावर आणि तो योग्य त्या टेबलापर्यंत पोहोचल्यावर. पुढील वर्षाच्या अहवालात या रकान्यातून किती सूचना गेल्या, किती पोच आल्या आणि किती कामगारांना धुळीतून दुसऱ्या कामावर हलविता आले, हे आकडे जमाखर्चाच्या शेजारीच छापावेत, अशी आमची विश्वस्त मंडळाला विनंती आहे.